गिरणाकाठचा वीर आणि पॅन्झर डिव्हिजन

चाळीसगावला उतरलो तेव्हाच वाटलं, आल्या पावली परत फिरावं. रात्रभर बसून पाठ धरली होती, आणि ज्या कामाला निघालो होतो त्यात शाबासकी मिळण्याची चिन्हं नव्हती. गेली वीस वर्षं मी जर्मनीच्या चिलखती सैन्याचा, म्हणजे पॅन्झर डिव्हिजनांचा इतिहास लिहितो आहे. घरचे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. या वेळी त्या भाकऱ्यांनी दुसऱ्याच्या घरात धूर केला होता.

झालं असं. दुसऱ्या महायुद्धातल्या, आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईवर मी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं : ‘पॅन्झरचे रणगाडे इंग्रजांच्या फौजेतल्या आपल्या पलटणीवर चालून आले, काही जवान मेले, उरलेले शरण गेले.’ भडगावजवळच्या एका गावात भास्कर मास्तरांनी ते वाचलं. त्यांच्या घरातला माणूस त्याच पलटणीत होता. तो ‘बेपत्ता’ झाला, परत आलाच नाही. घरच्यांनी त्याला वीर, म्हणजे लढाईत पडलेला पूजनीय पूर्वज, मानलं आणि त्याचा टाक (देवाची चांदीच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा) देवघरात बसवला. आता मास्तर म्हणत होते, शरण गेला तो वीर कसला? यंदा होळीला टाक गिरणा नदीत सोडू. वीराची लेक, मास्तरांची आत्या अक्का, म्हणाल्या, आधी लिहिणाऱ्याला बोलवा.

भडगावची एसटी वाटेत तापली. ड्रायव्हर कॅन घेऊन पाणी शोधायला गेला, आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत उभे. रशियाच्या थंडीत पॅन्झर कसे अडकले त्यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. उन्हात अडकलेल्या एसटीबद्दल मात्र माझ्याकडे शिव्यांखेरीज काही नव्हतं.

मास्तरांच्या घरी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि भरीत होतं. जेवण उत्तम, पण अक्का समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, बापाला कधीच न पाहिलेल्या.

“भाऊ, मना बापले तूच शरण धाडा ना?”

मी घाईनं सांगू लागलो. तिथे पंधरावी आणि एकविसावी पॅन्झर डिव्हिजन होती, आपल्या तोफा लहान होत्या...

“ते ऱ्हाऊ दे. रणगाडा उना तवय मना बाप काय करी ऱ्हायंता?”

रणगाड्याच्या पत्र्याची जाडी मला पाठ होती. रणगाडा आला तेव्हा अक्कांचा बाप काय करत होता, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी वाचलेलं बहुतेक सगळं रणगाड्यात बसलेल्यांनी लिहिलेलं. समोरच्या खड्ड्यात कोण होतं, हे त्यांनी कशाला लिहावं? मला फार लाज वाटली.

“माहीत नाही, अक्का,” मी म्हणालो.

अक्का मास्तरांकडे वळल्या. “आयकं? त्यालेच माहीत नही, आनि तू देव पानीमा टाकाले निंघना!”

मास्तरांनी माझं खरकटं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. या भागात त्या दिवशी घरोघरचे वीर वाजतगाजत नदीवर नेतात, न्हाऊ घालतात आणि होळीभोवती नाचवतात. मास्तरांच्या घरचा टाक खोबऱ्याच्या वाटीत तयार होता. बराच वेळ कोणी उठेना. मग मास्तरांनी चष्मा काढून खिशात घातला आणि वाटी हातात घेतली. ते अगदी वाईट नाचले. अक्का ओट्यावरून मानेनंच ताल धरत होत्या.

निघताना अक्कांच्या पाया पडलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. बोलल्या ते हळू, मास्तरांना ऐकू जाणार नाही असं.

“पुढला वरीसले ये भाऊ. पन तवलोंग काही समजनं तरी माले सांगू नको.”

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, पण झोप लागली नाही. त्या वाळवंटात पकडलेल्या हिंदी सैनिकांच्या याद्या परदेशी दप्तरांत आहेत. त्यांत अक्कांच्या बापाचं नाव असेल, किंवा नसेल. माझ्या पुस्तकाचं पुढचं प्रकरण त्यांच्यावरच आहे. प्रकाशक विचारतात, कधी देताय? मी सांगतो, आता वय झालं, थकलो. आणि ते प्रकरण सुरूच करत नाही.