टेकू दिल्याशिवाय हात घालायचा नाही

बातमी आली तेव्हा मी सरावलीच्या वाडीत चिकू निवडत होते. धाकटे दीर सुरेश भाऊजी मोटरसायकल बाहेर लावून आत आले आणि फक्त म्हणाले, "वहिनी, चला." एरवी मला चिडवल्याशिवाय ते बोलत नाहीत. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. तलासरीला गोदामाच्या कामावर माझे यजमान मशीनची पाती बदलत होते. जॅकवर उचललेली मशीन खाली बसली आणि ते तिच्याखाली सापडून जागीच गेले... तिथे मुकादम येईल त्याला एकच सांगत होता, "टेकू न लावताच आत शिरला. त्याचीच चूक." ऐकणारे माना हलवत होते. मी मान हलवली नाही.

ती मशीन मला त्यांच्या बोलण्यातूनच माहीत होती. वर माणूस बसतो, खाली पंख्यासारखी दोन चक्रं फिरतात, त्यांना पोलादी पाती. ओल्या काँक्रीटवर ती फिरवून जमीन घोटायची. मी ओटी सारवत असले की ते दाराशी उभे राहून म्हणायचे, "आमचंही हेच काम. आधी हात सपाट, माल सुकत आला की जरा कड उचलायची." "मग तुम्हीच सारवा की!" मी म्हणायची. एकदा ते खरंच सारवायला बसले, तर सासूबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं. पात्यांच्या बाबतीत ते फार हट्टी. एक पातं झिजलं तरी सगळी एकदम बदलायची, नाहीतर मशीन डोलते म्हणायचे. संध्याकाळी मशीन धुतल्याशिवाय निघायचे नाहीत. सिमेंट बोल्टात सुकलं की पाना फिरत नाही. आणि टेकूचं तर वेडच होतं. पाण्याचं पिंप कलतं करायचं तरी खाली वीट, खाट उचलून केर काढायचा तरी वीट. "टेकू दिल्याशिवाय हात घालायचा नाही," हे मला किती वेळा सांगितलं असेल. सासूबाई म्हणायच्या, "हा उद्या भाकरीलाही टेकू देईल." ते हसायचे आणि वीट सरकवायचेच.

असा माणूस टेकूशिवाय आत शिरेल? मला पटेना. कोणी भेटायला आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, हा काही लपवतोय का म्हणून. दहाव्याला मुकादम आला. सासूबाईंच्या पाया पडला, चहा घेतला आणि निघताना भाऊजींना म्हणाला, "दादाच्या जागेवर तूच ये. मशीन घरच्या माणसाच्या हातात बरी." हा एवढा गोड का बोलतोय? चूक यांची असेल तर ती यांच्याबरोबर गेली. नसेल तर जे खरं कारण होतं ते अजून तिथेच आहे, आणि आता तिथे भाऊजी जाणार... सासूबाईंना हे बोलले तर त्या म्हणाल्या, "तुला सगळीकडे भुतंच दिसतात, बाई."

भाऊजींच्या कामाच्या पहिल्या दिवशी यांचे कपडे आणायचं निमित्त करून मी सोबत गेले. गोदामाच्या एका टोकाला ती मशीन जॅकवर उचललेली होती. खाली काही नव्हतं. मुकादम म्हणाला, "सुरेश, पाती आवळून घे पटकन, माल येतोय." भाऊजी गुडघ्यावर बसले. चार माणसांत मी कधी बोललेली नाही. पण तोंडातून निघून गेलं, "भाऊजी, हात काढा!"

सगळे वळले. तरी मी विचारलं, "टेकू कुठे आहे?"

"अहो वहिनी, दोन मिनिटांचं काम," मुकादम हसला. "टेकूचे ठोकळे सेंट्रिंगवाल्यांनी नेलेत."

बाजूला फावडं धुणारा कामगार सहज बोलून गेला, "त्या दिवशी पण त्यांनीच नेलेले ना?"

"तू तुझं काम बघ रे!" मुकादम त्याच्यावर खेकसला.

भाऊजींचा चेहरा उतरला. ठोकळे आधीच नेलेले होते आणि दादाला घाई केली, की दादा आत असताना कोणी काढून नेले, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. जो तो दुसरीकडे बघत होता. काँक्रीटच्या मालाची गाडी फाटकाशी हॉर्न वाजवत उभी राहिली. भाऊजी हात पुसत म्हणाले, "ठोकळे येईपर्यंत मी हात लावणार नाही."

मुकादमाने तोंडातल्या तोंडात शिवी दिली आणि माणूस पाठवला. मी थांबले होते तिथपर्यंतची जमीन यांनीच घोटलेली होती. चपला काढून तिच्यावर बसले. गार होती, तळव्याला कुठेही खरखर लागत नव्हती. ठोकळे आले. भाऊजींनी ते खाली सरकवले, एकेकाला लाथ मारून बघितलं आणि मगच आत वाकले.

"आता तरी बसला ना विश्वास, वहिनी?" मुकादमाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि भाऊजींचे दोन्ही हात बाहेर येईपर्यंत तिथून उठले नाही.