देझोचं अनवाणी गिऱ्हाईक

देझोला मी ओळखत होतो असं म्हणणं जरा जास्तच होईल. त्याची बायको कशाने गेली हे मला अजूनही माहीत नाही. सेगेद शहरातल्या एकाच वस्तीत आम्ही म्हातारे झालो, पण बोलायला लागलो ते दोघांचेही हात कापायला लागल्यावर, दवाखान्यात.

तिसा नदीकाठच्या त्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. डॉक्टर इल्दिकोबाईंनी समजावून सांगितलं होतं, की मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून नको ते आत शिरत राहिलं की पेशी झिजून मरतात. ही गोळी त्या दारांना अडसर घालते. मात्र निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती भुकटीची. कोणाला कुठली, हे चाचणी संपेपर्यंत बाईंनाही कळणार नव्हतं.

देझो मखमलीच्या सपाता शिवायचा, वर रेशमी फुलं काढायचा. टाके वाकडे पडायला लागले म्हणून तो तिथे आला होता. मी पोस्टात साधा कारकून, पण देझो मला चिडवायचा, "तुला काय रे पोस्टमास्तर! शिक्का कसाही मारला तरी पत्र पोचतंच."

हिवाळ्यात एकदा त्याने मला दुकानात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मला खरी गोळी मिळतेय."

"कशावरून?"

"त्या गोळीने भास होऊ शकतात, असं बाई म्हणाल्या होत्या ना? त्या स्टुलावर एक जण येऊन बसतो. अनवाणी. पायाला नदीचा गाळ."

"कोण आहे?"

"वर बघितलं नाही. आपला धंदा पायांचा."

"बाईंना सांगितलंस?"

"वेडा की काय! गोळी बंद करतील. हात बघ माझा."

हात खरंच कमी हलत होता. समोर हिरव्या मखमलीची एक सपाता अर्धी शिवून ठेवलेली होती. टाके सरळ होते.

"त्याच्यासाठी? माप घेतलंस?"

"पट्टी लावली, तर ती खाली फरशीलाच टेकली. अंदाजाने शिवतोय."

दुकानात बसायला ते एकच स्टूल. मी उभाच राहिलो.

वसंतात चाचणी संपली. इल्दिकोबाईंनी आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. खरी गोळी मला मिळत होती. देझोला भुकटी.

देझो आधी हसला. मग म्हणाला, "मग तो कोण?"

त्याला सगळं सांगावं लागलं. बाईंनी ते टिपून घेतलं.

"आजारातच असं होतं कधीकधी, देझोकाका. आता खरी गोळी सगळ्यांनाच देणार आहोत. पेशींची झीज तिने कदाचित थांबेल. पण तुमच्या बाबतीत हे दिसणं वाढूही शकतं."

"वाढेल म्हणजे?"

"एकाचे चार होतील."

देझोने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. गुडघ्यावर ठेवलेला तो हात पुन्हा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा उडत होता. त्या हाताखेरीज त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, एवढं तर मलाही माहीत होतं.

"नको," तो म्हणाला. "दुकानात स्टूल एकच आहे."

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

त्या दिवसानंतर मी त्याला पाहिलं नाही. उन्हाळ्यात तो गेला असं कळलं. मी गोळ्या घेत राहिलो, म्हणून हे लिहिण्याइतपत हात चालतो.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही ट्रामने एकत्रच परतलो. भर दुपार होती, डबा जवळपास रिकामा. देझो बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी टेकणार, तेवढ्यात त्याने हात आडवा केला.

"तिथे नको, गाळ लागेल. असा समोर बस."

"बरं," मी म्हणालो आणि समोर बसलो.