डहाळी दाखव, मग बोल

चौथ्या तासाला मी सातवीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडत होतो, तेवढ्यात बोरीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पहिल्या मोटारीनं सेलूला आला होता. डोक्याचा पटका काढून त्यानं हातात धरला होता, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी आपला त्याच्यावरच खेकसलो, "वर्ग चालू आहे, दिसत नाही का?" तो म्हणाला, "गुरुजी, आक्का गेल्या. तांबडं फुटायच्या वक्ताला छातीत कळ आली... पाणी पाजस्तोवर गेल्या." माझ्या हातातला खडू तसाच राहिला. पोरं टकामका बघत होती. आणि खरं सांगतो, आधी मला रडू आलं नाही, राग आला. तो आणखी वाढला, कारण नंतर कळलं की आठ दिवसांपासून तिची छाती दुखत होती आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. दाराशी आलेल्या माणसाला त्याच्या खोकल्याबद्दल वीस प्रश्न विचारल्याशिवाय सोडायची नाही, आणि स्वतःच्या छातीबद्दल चकार शब्द नाही! या बाईनं मला जन्मभर असंच जेरीस आणलं. आता तिला जाऊन सव्वा महिना झाला, तरी तो राग पुरता गेलेला नाही.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. तिचे यजमान बोरीला निजामाच्या काळात शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर होते. ते वारल्यावर ती तिथंच राहिली. घरामागच्या परसाला तिनं अडुळशाचं कुंपण लावलं होतं. अडुळशाचा पाला कडूजहर, शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून ते कुंपण टिकलं. गावातल्या निम्म्या शेळ्या तिच्या परसात डोकावून जात, पण आतल्या वांग्या-मिरच्यांना कधी धक्का लागला नाही. खोकल्यावर अडुळसा द्यायला ती आमच्या आईकडून शिकली होती. ती काही वैद्य नव्हती आणि तसं तिनं कधी म्हणवूनही घेतलं नाही. कफ दाटला की लोक यायचे, ती पानांना वाफ देऊन रस काढायची, मधात कालवून द्यायची. सुरुवातीला सगळं एवढं साधं होतं.

मग तो धोतऱ्याचा प्रकार घडला. पोलिस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तेव्हा बोरीच्याच शाळेत लागलो होतो आणि अक्काकडेच राहत होतो. नोकरी अजून मुस्तकिल, म्हणजे कायम झाली नव्हती. शाळा उर्दूतून मराठीत आल्या होत्या आणि उर्दूत शिकलेल्या आम्हा मास्तरांना मराठीतून शिकवायचे धडे घ्यायला परभणीला बोलावलं होतं. मी आठ दिवस तिकडे होतो. परत आलो तर गावात एकच चर्चा... धुरपता नावाची, गावात नुकतीच आलेली एक धनगराची बाई होती, तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला खोकला झाला होता. तिला कुणी तरी सांगितलं, पांढऱ्या फुलाचं झाड, ज्याला शेळी तोंड लावत नाही, त्याची पानं उकळून पाज, त्याला अडुळसा म्हणतात. धुरपतानं अडुळसा हे नावही कधी ऐकलं नव्हतं. पण शेळ्या तिला ठाऊक होत्या. तिनं आपला कळप ओढ्याकाठी सोडला आणि शेळ्या काय टाळतात ते बघत बसली. शेळ्यांनी धोतरा टाळला. फूल पांढरं. दम लागलेली माणसं धोतऱ्याची वाळली पानं चिलमीत ओढतात हेही तिला माहीत होतं. शिकलेल्या लोकांत धोतऱ्यालाच अडुळसा म्हणत असतील, असं तिनं ठरवलं आणि वाटीभर काढा म्हाताऱ्याला पाजला! तोंडाला कोरड, डोळे लाल, आणि म्हातारा बसल्या जागी हवेत हात घालून नसलेली मेंढरं हाकायला लागला. त्याला मोटारीत घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. नशीब थोर, म्हणून वाचला.

पोलीस पाटलानं विचारलं, हे औषध सांगितलं कुणी? अक्का म्हणाली, "मी." तेवढ्यावर पाटलानं प्रकरण मिटवलं. मी परभणीहून येऊन पिशवीही खाली न ठेवता तिच्यावर तोंडसुख घेतलं. "शेळीच्या खुणेवर औषध सांगतं का कुणी? अकलेचा काही भाग?" ती चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "चुकलं बापू. हातपाय धू, जेवायला वाढते." तिनं कधी चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून मला आणखी चेव आला. जेवतानाही मी बोलतच होतो.

त्यानंतर तिचं जे सुरू झालं, त्यानं मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. दारात माणूस आला, खोकायला लागला, की ती विचारायची, "डहाळी आणलीस का?" औषध तिच्याच परसात होतं, पण नाही! ज्याला रस हवा त्यानं आपल्या हातानं अडुळशाची डहाळी तोडून आणायची, पान, देठ, फूल दाखवायचं, हुंगायचं, मगच पुढं बोलायचं. का, तर उद्या अक्का नसली तर चुकीचं झाड तोडू नये. मग प्रश्न सुरू. खोकला किती दिवसांचा? संध्याकाळी ताप येतो का? थुंकीत रक्त दिसलं का? पंधरा दिवसांच्या वरचा खोकला असला, रक्त असलं, अंग उतरायला लागलं असलं, तर ती रसाचा थेंबही द्यायची नाही. "परभणीला जा, डॉक्टरला छाती दाखव. हे त्याचं औषध न्हवं." पोटुशी बाई असली तर अडुळसा नाहीच. वर्षाच्या आतलं लेकरू असलं तर अडुळसा नाही आणि मधाचं बोटही नाही. मोठ्या माणसाला चहाचा एक चमचा, दिवसातून दोनदा, तीन दिवस. रस रोजचा रोज ताजा, कल्हई उडालेल्या भांड्यात करायचा नाही. जास्ती घेतला की उलटी होते, हे ती प्रत्येकाला दोन-दोनदा सांगायची, आणि पहिला चमचा आपल्यासमोर घ्यायला लावायची. तिकडं माझी शाळेची वेळ व्हायची, भाकरी तव्यावर करपायची आणि ओटीवर हिची उलटतपासणी चाललेली असायची. लोक चिडतील, निघून जातील असं मला वाटायचं. पण ते निमूट डहाळ्या घेऊन यायचे आणि ओळीनं बसायचे. याचं मला नवल वाटायचं... तेवढंच वाटून मी ते सोडून द्यायचो.

पुढं माझी बदली सेलूला झाली, लग्न झालं. आमच्या घरात पहिलं बाळ येणार होतं, सातवा महिना होता, आणि बायकोला खोकल्यानं झोप लागेना. मी तिला मोटारीनं बोरीला घेऊन गेलो. म्हटलं, सख्खी बहीण अडुळशाचं रान लावून बसली आहे, आपल्याला काय काळजी! अक्कानं तिला बसवलं, विचारपूस केली आणि म्हणाली, "हिला देणार न्हाई." मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर, गरम पाणी पीत राहा, उद्या डॉक्टरीणबाईला दाखव. मी समजावून बघितलं, हात जोडले, मग आवाज चढला. ओटीवर खोकणारी पाच-सहा माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "धनगराच्या म्हाताऱ्याला धोतरा पाजताना कुठं गेलं होतं हे शहाणपण?" ओटीवरची माणसं मान खाली घालून आपापल्या डहाळ्या बघत राहिली. अक्का सुपातली पानं निवडत होती, ती निवडत राहिली. मग तिनं माझ्या बायकोला विचारलं, "गूळ खातीस का गं?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं औषध दिलं, खोकला बसला, वेळेवर मुलगी झाली. अक्का बरोबर होती. पण मी तिची माफी मागितली नाही. उलट धोतऱ्याचा टोमणा मला सापडला होता, तो मी सोडतो होय! दिवाळीला गेलो की तो निघायचा, संक्रांतीला गेलो की निघायचा. नऊ-दहा वर्षं मी तो पुरवून पुरवून वापरला.

तेराव्याला बोरीत बरेच लोक जेवून गेले. दुपारी ओटीवर मी एकटा टेकलो होतो. आठ-दहा बाया भांडी आवरायला थांबल्या होत्या. तेवढ्यात धुरपता आली. केस पिकले होते तिचे. हातात डहाळी होती. "गुरुजी, मपल्या धाकल्या जावेला खोकला झालाय. चार रोज झाले. रगत न्हाई, ताप न्हाई, पोटुशी बी न्हाई. डहाळी बघा." मी दमलेला होतो, रात्रीची झोप नव्हती. मी म्हणालो, "अगं, कुंपण मागं परसात आहे, ने तोडून. ते डहाळीचं अक्काचं वेड होतं. एकदा धोतऱ्याची चूक केली तिनं, ती जन्मभर तिच्या डोक्यात बसली."

डहाळी धुरपतानं ओटीच्या कडेवर ठेवली आणि खाली बसली. मग म्हणाली, "गुरुजी, आक्कानं न्हाई सांगितलं मला. तुमी सांगितलं."

मी म्हणालो, "मी?"

"तुमी परभणीला निघाला व्हता. हितंच उभं व्हता, ट्रंक बांधायलता. आक्का नदीला गेली व्हती. मी इचारलं, तर तुमी म्हणले, पांढऱ्या फुलाचं, शेळी तोंड लावत न्हाई ते. आन मोटार चुकंल म्हून गेले."

...आठवलं. ट्रंकेची कडी बसत नव्हती, ती मी गुडघ्यानं दाबत होतो. मान वर करून मी तिच्याकडं बघितलंही नव्हतं, मागच्या परसातलं कुंपणही दाखवलं नव्हतं. बारा-तेरा वर्षं ते सोयीस्कर विसरून बसलो होतो आणि आता तिच्या एका वाक्यासरशी सगळं समोर आलं, ती कडीसुद्धा. मी कसंबसं विचारलं, "मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"आक्कानं आण घातली व्हती गळ्याची. बापूची नौकरी जाईल म्हणली, पाटलाला माझंच नाव सांगायचं. आन बापूला तर मुळीच कळू द्यायचं न्हाई, त्याला सोसायचं न्हाई म्हणली. आता आक्काच ऱ्हाईली न्हाई... आण फिटली."

मला अक्काचा असा संताप आला की तिथं असती तर मी तिला हाताला धरून गदगदा हलवलं असतं. काय सोसलं नसतं मला? तिला सोसलं आणि मला सोसलं नसतं? मला एकदा सांगायचं होतंस, मी रडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो आणि मग तुझ्या पाया पडलो असतो. आता कुणाच्या पडू? पण तिची अब्रू तरी भरून द्यावी म्हणून मी उठलो आणि भांडी घासणाऱ्या बायांना मोठ्यानं म्हणालो, "बायांनो, ऐका. तो धोतरा अक्कानं सांगितला नव्हता. मी सांगितला होता. गावात सगळ्यांना सांगा."

बायांचे हात थांबले. त्यांनी एकमेकींकडं बघितलं. मग त्यातली सगळ्यात म्हातारी हळूच म्हणाली, "गुरुजी, गावाला ठावं हाय. कामून गावाला सांगायलाव? तवाच ठावं व्हतं समद्यांला, आण घालायच्या आदीच ही बोलली व्हती. निस्तं तुमालाच सांगायचं न्हाई, असं ठरलं व्हतं."

म्हणजे त्या दिवशी ओटीवर खोकत बसलेल्या पाच-सहा जणांनाही ठाऊक होतं. डहाळ्या घेऊन ओळीनं बसणाऱ्यांना ठाऊक होतं, पाटलाला ठाऊक होतं. अक्काला त्यावरून गावात कुणी कधी एक शब्द बोललं नाही. बोलणारा सगळ्या बोरीत एकच होता, आणि तो सणावाराला सेलूहून मोटारीनं यायचा.