मारधाडीच्या नादी लागलेल्या सासूबाई

माझ्या सासूबाईंनी जितके मुडदे पडताना पाहिले आहेत, तितके एखाद्या लढाईवरून परतलेल्या शिपायानेही पाहिले नसतील. त्या तीस-बत्तीस वर्षं सरकारी नर्स होत्या, त्यातली बरीचशी हिवरखेडच्या बाजूच्या खेड्यांत. पण मी त्या मुडद्यांबद्दल बोलत नाही. नोकरीत त्यांनी मुख्यतः बाळंतपणं केली. मुडदे पाहिले ते निवृत्तीनंतर, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीपुढे पाट मांडून. दूरदेशी कुठेतरी पंधरा माणसं, एक पडकं देऊळ आणि एक बांबूचं बन एवढ्या भांडवलावर उरकलेले, हिंदीत डब केलेले, नायकाचे ओठ मिटल्यावरही दोन वाक्यं ऐकू येणारे ते सिनेमे. कुंग फू असो, तलवारबाजी असो की नुसती लाथाळी, सगळ्याला त्यांचा एकच शब्द, 'कराटे'. सकाळी आंघोळ, वंदना, एक कप बिनसाखरेचा चहा आणि मग कराटे, हा त्यांचा नेम. मी अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवतो. अशा सासूबाई माझ्याच वाट्याला का याव्यात, हा प्रश्न मी गेली अनेक वर्षं बायकोला विचारतो आहे. ती म्हणते, "बाबा गेल्यावर तिले एकटीले करमत नव्हतं. तुमचं काय जाते?"

माझं बरंच काही जात असे. अकोल्याला गेलो की जेवताना माझ्या ताटासमोर कुणीतरी कुणाच्या तरी बरगड्या मोडत असायचा, आणि सासूबाई वरण वाढता वाढता निदान सांगायच्या. "हे बरगडी नाई जवाईबापू, हे पोटातली पाणथरी गेली याची. आतून रक्त जाऊन राहिलं असंन." एकदा त्यांची आवड जरा वर उचलावी म्हणून मी त्यांना अमरावतीच्या चांगल्या थेटरात, चांगल्या महागड्या मारामारीच्या सिनेमाला नेलं. इमारती कोसळल्या, गाड्या उडाल्या, शहर जळलं. सासूबाईंनी मध्यंतरापर्यंत पॉपकॉर्न खाल्लं आणि नंतर शांत झोप काढली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे सगळं कॉम्प्युटरनं मारून राहिले. एकाले बी लागलं नाई." मी म्हणालो, "आई, तुमच्या सिनेमांत तर धड कपडेही नसतात लोकांना. मागच्या टेकडीवर विजेचा खांब दिसतो." त्यावर त्या मला, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला समजवावं तशा समजवू लागल्या. "पैसा नसते म्हणून त पाहाचं. माणूस तारेनं लटकवाले पैसे नाई, मंग उडी खरीच माराव लागते. गादी टाकाले पैसे नाई, मंग पडाव बी खरंच लागते. त्याले लागते, थे दिसते तोंडावर." मी मराठीतल्या वास्तववादावर दोन निबंध लिहिले आहेत. इतकी सुटसुटीत व्याख्या मला त्यांत साधलेली नाही, हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

बरं, आवड असावी, पण तिला काही रीत असते. लोक नायकाकडे पाहतात. सासूबाई नायकाकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांचं सगळं लक्ष मार खाणाऱ्यांवर. त्यातही एका लांबोड्या चेहऱ्याच्या, हडकुळ्या माणसावर. वाळलेल्या कपाशीच्या काडीसारखा दिसतो म्हणून त्याचं नाव त्यांनी 'पऱ्हाटी' ठेवलं होतं. हा पऱ्हाटी कुठे पहारेकरी असे, कुठे खानावळीतला वाढपी, कुठे डाकू, आणि प्रत्येक ठिकाणी पाचव्या-सहाव्या मिनिटाला टेबलावरून उलटून पडे. माणसं कमी असल्याने तो एकाच सिनेमात तीनदा मरे, दर वेळी वेगळी मिशी लावून. सासूबाईंना मिशीने फसवणं शक्य नव्हतं. "आला पाहा," त्या म्हणायच्या, "मघाशी मेला होता, परत आणला बिचाऱ्याले. कमरीचे मणके गेले असतीन याचे आतालोक." त्याला कुणी कधी कंबर दाखवायला दवाखान्यात नेलं असेल का, या काळजीने त्या खरोखर हळहळत. नायकाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याले पाहाले सगळं गाव हाये."

या सिनेमांतले काही लढवय्ये चीवर घातलेले भिक्खू असत, त्यावरून एक वेगळंच प्रकरण झालं. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात प्रवचनाला आलेल्या भन्तेजींना सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "भन्ते, तिकडचे भिक्खू लोकायले लाथा मारतात, त्याच्यानं शील मोडते का नाई?" मी शेजारी बसलो होतो आणि खाली सतरंजीचे धागे मोजत होतो. भन्तेजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मोडतं, माई." सासूबाई घरी आल्या. चार दिवस टीव्ही बंद, असं फोनवर कळलं. माझ्या बायकोला वाटलं, आई आजारी आहे; मला वाटलं, सुटलो. पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, की त्यांनी तीन सिनेमे पुन्हा नीट तपासले, भिक्खू कधी पहिला हात उचलत नाही, आणि हे भन्तेजींना जाऊन सांगितलंही आहे. "मंग काय म्हणाले?" बायकोने विचारलं. "हसले."

दोन वर्षांपूर्वी त्या स्वयंपाकघरात पडल्या. फरशी ओली होती. उजवं मनगट मोडलं. त्या स्वतःच उठल्या, पदर गळ्यात बांधून त्यात हात अडकवला, ऑटो केला, दवाखान्यात जाऊन डॉक्टरला प्लास्टर कुठवर घ्यायचं ते सांगितलं, आणि घरी परतल्यावर आम्हाला फोन केला. आम्ही धावत गेलो तर म्हणाल्या, "पडली त बरोबर होती, कुशीवर. पण हात टाकला आधी, थे चुकलं माहं." बायको रडत होती. मी त्यांची पिशवी भरली आणि त्यांना अमरावतीला आमच्या घरी आणलं.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे मोबाइलवर सिनेमा शोधणं आणि तो टीव्हीला जोडणं हे काम माझ्याकडे आलं. खून, पंजा आणि बदला या तीन शब्दांबाहेर नाव जाणार नाही असे सिनेमे मी रोज माझ्या मोबाइलवर टाइप करू लागलो. त्याचा परिणाम असा, की एम.ए.च्या वर्गात संतकाव्यावरचं एक व्याख्यान दाखवायला मी तोच मोबाइल पडद्याला जोडला, तर कवीच्या आधी एक उघडाबंब माणूस किंचाळत आला. मुलांनी मागे वळून एकमेकांकडे पाहिलं. एकाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. घरी येऊन मी चिडलो, तर सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "पूर्ण पाहू देला का नाई त्यायले?"

त्यातच बायकोने ठरवलं, की आईला आता अकोल्याला परत पाठवायचं नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, एकटी, ओली फरशी. सासूबाई यावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्यासारखी बाई काही बोलत नाही म्हणजे मान्य आहे, असं मी तरी समजलो.

प्लास्टर निघायला आठवडा होता. मी दुपारी लवकर घरी आलो, तर मागच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. मी चप्पल न काढता धावलो. खोलीत पलंगावरच्या दोन्ही गाद्या एकावर एक अंथरलेल्या, आणि त्यांवर सासूबाई कुशीवर पडलेल्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, मोडका हात छातीशी धरलेला. मी घाबरून हाक मारली. त्या म्हणाल्या, "दार लावून घ्या."

मग उठून बसल्या आणि सांगितलं. दहा दिवसांपासून त्या रोज दुपारी पडायला शिकत होत्या. मी म्हणालो, "आई, हे काय वय आहे का?" "याच वयात पडतात," त्या म्हणाल्या. "पडणं काही चुकत नाई. कसं पडाचं थे त शिकता येते? हात टाकाचा नाई, मान आत घ्याची, कुशीवर जाचं. पऱ्हाटी असाच पडते आणि परत उठते." मी काही बोलायच्या आत त्यांनी मला कामाला लावलं. आपण होऊन पडलं तर अंगाला आधीच कळतं, म्हणून मागून कुणीतरी न सांगता धक्का द्यायला हवा होता. मी ठाम नकार दिला. त्या म्हणाल्या, "तुमी शिकले-सवरलेले हा. पोरीले सांगितलं त रडंल. तुमालेच सांगू शकतो." मी चप्पल काढून त्यांच्या मागे उभा राहिलो. मी दोन बोटांनी ढकललं. "दरवाजा लोटून राहिले काय?" त्या म्हणाल्या. तेव्हा मी दोन्ही हातांनी, नीट ढकललं. त्या सुरेख पडल्या. आणि दारात माझी बायको उभी होती, ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेली.

जावई सासूला ढकलतो ही बातमी पुढे तिवशाला माझ्या नातेवाइकांपर्यंत गेली. तिथल्या एका लग्नात माझ्या चुलत्यांनी मला बाजूला घेऊन, "काही त्रास आहे का बा त्यायचा?" असं हळूच विचारलं. पण त्या दुपारी बायकोने फक्त पर्स खाली ठेवली. ती आईजवळ गादीवर बसली.

"आई, हे कायच्यासाठी?"

"मले माह्या घरी जाचं हाये."

"आणि तिथं पडली त?"

"पडीन," सासूबाई म्हणाल्या. "इथं बी पडीनच. तिथं पडली त माह्या घरात पडीन."

बायको बराच वेळ आईच्या प्लास्टरवरून हात फिरवत बसली. मग उठून तिने चहा ठेवला. मला त्या दिवशी प्रथमच कळलं, की दहा दिवस आमच्या घरात एक बाई तुरुंगातून सुटायची तयारी करत होती, आणि पहारेकरी मी होतो.

प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांना अकोल्याला सोडलं. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला, स्वयंपाकघरात खरबरीत चटई टाकली, मोबाइल गळ्यात अडकवायची पिशवी बायकोने शिवून दिली. रोज संध्याकाळी फोन करायचं ठरलं. तो मी करतो, कारण बायकोला घंटी वाजत असतानाच रडू येतं. परवा घंटी वाजत राहिली. एकदा कटली, पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. मी गाडीची किल्ली हातात घेतली होती. तेवढ्यात त्यांनी उचलला.

"भाकरी थापून राहिली होती. दोन्ही हाताले पीठ हाये. काय झालं?"

"काही नाही आई. असंच केला."

"असंच त असंच," त्या म्हणाल्या. "बोला."