तिसऱ्या खेपेला सुरू होणारा जनरेटर

माझा धाकटा भाऊ लोवेल आणि त्याची बायको बोर्घिल्ड यांचं उभ्या जन्मात एकदाच कडाक्याचं भांडण झालं, आणि ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. त्या काळी आमच्या रस्त्यावरच्या पाच घरांत मिळून फोनची एकच तार होती. दुसरं कोणी बोलत असलं की फोन खाली ठेवायचा असतो. मी ठेवणारच होते.

बोर्घिल्ड त्याच्याबरोबर ट्रकमधून टेक्सासला निघाली होती, सूर्यफुलाचं बी पोचवायला. आठ रात्रींनंतर ती एकटीच बसने घरी आली, आणि हा कुठल्याशा पंपावरून फोन करत होता.

"आठ रात्रींत तू एकदाही उठला नाहीस," ती म्हणाली.

"दाराकडची बाजू तुझी होती."

"ती मला कोणी दिली?"

पलीकडे त्याने फोनमध्ये आणखी एक नाणं टाकलं. मग बोर्घिल्ड म्हणाली, "तो जनरेटर आपला आपण उठायला लागला, की मग विचार मला, येतेस का ते."

ट्रकच्या केबिनमागे झोपायची खोली असते, कपाटाएवढी. उबेसाठी रात्रभर मोठं इंजिन चालवलं तर डिझेल फार जळतं, म्हणून लोवेलने बाहेरच्या अंगाला छोटा जनरेटर बसवला होता. त्यावर आतला हीटर चाले. खोली गार पडली की कोणीतरी खाली उतरायचं, वीस आकडे मोजेपर्यंत एक बटण दाबून इंजिनातली सळई तापवायची, मग दुसरं बटण दाबायचं. आमच्या नॉर्थ डकोटातल्या जानेवारीत वीस आकडे फार लांब असतात.

लोवेल बोलणारा माणूस नव्हता. पण ती केबिनमध्ये विसरलेला एक लोकरी मोजा त्याने आरशाला अडकवला आणि दोन हिवाळे टेक्सासपर्यंत नेला-आणला. तिसऱ्या हिवाळ्यात तो कामाला लागला. भिंतीवर थर्मोस्टॅट लावला, भंगारातल्या गाडीचे रिले, म्हणजे विजेवर आपोआप पडणारे स्विच, काढले. खोली गार पडली की एक टायमर जागा व्हायचा, सळई तापवायचा, स्टार्टर फिरवायचा. इंजिन सुरू झालं नाही तर जरा थांबून पुन्हा. असं तीनदा. तरी नाही जमलं तर गप्प, नाहीतर बॅटरी मरते.

तो टायमर त्याला कपडे धुण्याच्या मशीनमध्ये सापडला. मशीन चांगलं चालू होतं. बोर्घिल्ड पंधरा दिवस धुण्याचं गाठोडं घेऊन माझ्याकडे येत होती आणि मशीनला अचानक काय झालं म्हणून नवल करत होती. मी पडले त्याची बहीण. साबण देत राहिले.

शुक्रवारी जेवताना त्याने तिला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, नको, तू जा. शनिवारी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, घरी कामं पडलीत. झालं. त्याने एकट्याचे कपडे भरले.

रविवारी भरलेला ट्रक चर्चच्या खिडकीखाली उभा होता. प्रार्थना आटोपून तो तसाच निघणार होता. मान खाली घालून मनातल्या मनात पापं आठवायची वेळ आली, आणि बाहेर टक झालं. मग घर्र. मग काही नाही. आमच्यात चर्चमध्ये मागे वळून कोणी बघत नाही, छप्पर पेटलं तरी. पुन्हा घर्र. आता पापं सोडून सगळे आकडे मोजत होते. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं.

पण इंजिन चालू झालं की स्टार्टरने सोडायचं असतं, एवढं लोवेल विसरला होता. फाटकात अडकलेलं डुक्कर ओरडावं तसं ते ओरडायला लागलं. पाद्री सँडविक थोडा वेळ त्या ओरडण्याच्या वर आपला आवाज चढवून बघत होते, मग त्यांनी नाद सोडला. लोवेल उठला आणि आभाळ बघायला चालल्यासारखा सावकाश बाहेर गेला.

तेलाचा दाब चढला की स्टार्टर सुटेल असा एक स्विच त्याने तिथेच बसवला. काळ्या हातांनी तो चर्चच्या तळघरात आला, जिथे प्रार्थनेनंतर सगळ्यांना कॉफी असते, तेव्हा मी बोर्घिल्डला कॉफी विचारत होते. ती नको म्हणाली. पुन्हा विचारलं, खरंच नको म्हणाली. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कप पुढे करणारा हावरट ठरतो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बरं, अर्धा कप." मी काठोकाठ भरला.

मग भावाकडे वळले. "तुझ्या त्या टायमरच्या डब्यालासुद्धा तीनदा विचारायचं कळतं."

तो कपाकडे बघत राहिला. मग चर्चच्या पांढऱ्या टेबलक्लॉथला हात पुसून तिच्यापाशी गेला.

"येतेस का?"

साखर न घातलेली कॉफी बोर्घिल्ड ढवळत बसली. "फार्गोपर्यंत येते," ती म्हणाली.

तिची बॅग तळघराच्या दाराशी टांगलेल्या कोटांच्या मागे भरून ठेवलेली होती. वरच दुसरा मोजा.

फार्गोला जायला तास लागतो. ती टेक्सासला जाऊन आली, आणि पुढे चौदा वर्षं जात राहिली. टायमर कुठला ते तिला वाटेत ओक्लाहोमात कळलं, तिथून मला आलेल्या कार्डावर एकच ओळ होती, "तुम्हाला माहीत होतं." दाराकडची बाजू मात्र लोवेलने घेतली, उठायची गरज उरली नव्हती तरी.

बोर्घिल्ड आधी गेली, तो गेल्या ऑक्टोबरात. त्याच्या आदल्या मंगळवारी तो दर वर्षीसारखा माझ्या पाखरांसाठी सूर्यफुलाच्या बियांचं पोतं घेऊन आला. पोतं दाराआड ठेवलं. कॉफी घेतोस का, मी विचारलं. नको म्हणाला. पुन्हा विचारलं. उशीर होतोय म्हणाला, आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"घे रे थोडी."

"बरं ताई, अर्धा कप."

अडीच कप पिऊन तो गेला.