पहिली गोळी आत्याबाईंची

जगातली सगळी औषधं आपल्याला फसवायलाच निघाली आहेत, यावर आमच्या भिंगारच्या आत्याबाईंइतका ठाम विश्वास असलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. ह्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्या मुक्कामाला असताना घरात कुणासाठीही औषध आलं की पहिला घोट, पहिली गोळी त्यांची. मग पदर सावरून ओट्यावर बसायच्या, स्वतःवरच नजर ठेवून. "मला काय झालं न्हाई, द्या आता." पोरांचं खोकल्याचं औषध, माझ्या लोहाच्या गोळ्या, सगळं असंच पास झालं. घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या म्हशीचं जंताचं औषधही त्यांनी बोटानं चाटलं होतं. स्वतः दिवसभर जेवल्या नाहीत, म्हशीला मात्र निर्धास्तपणे पाजलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला सातवा सरत आला म्हणून त्या आमच्याकडे सोनईला येऊन राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी नाव नोंदवताना रक्त तपासलं आणि विचारलं होतं, "लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात?" मी बी.ए. झालेली; हा पोरांचा आजार, म्हणून मनात हसले. माहेरी विचारलं, तर आल्याच नव्हत्या. आत्याबाई हसल्या नाहीत. गावात कांजण्यांची साथ होती. त्यांनी उंबऱ्यात पाट मांडला आणि येईल त्याच्या बाह्या वर करून पुरळ शोधू लागल्या. दूध घालणाऱ्यालाही गळा दाखवूनच आत यावं लागे. आणि मी, शहाणी, मागल्या दारानं शेजारच्या काकूंकडे चिंचा खात होते, त्यांच्या तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन.

पंधरवड्यानं माझ्या पोटावर पहिला फोड उठला. संध्याकाळपर्यंत अंग भरलं, ताप चढला. सासूबाईंनी घरातली फोडणी बंद केली, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला; देवी आलेली असताना औषध नको, असं हलकेच म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र विषाणूवरच्या गोळ्या लिहून दिल्या. "उद्या दुपारच्या आत सुरू करा, नंतर उपयोग कमी." ह्यांनी गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरहून आणल्या. मला काळजी कसली, तर तोंडावर वण राहतील याची. मी आरसा मागत होते.

आत्याबाईंनी सवयीनं पहिली गोळी तोंडात टाकली आणि पाकिटातला कागद मला वाचायला दिला. गरोदरपणात ही गोळी सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं त्यात होतं. वाचता वाचता मी आरसा विसरले. बाळानं लाथ मारली, आणि मला खोकल्याची ढास लागली.

"तुम्हाला काही होतंय का?" मी विचारलं.

"मला काय व्हनार? माझ्या पोटात कुठं लेकरू हाय?" असं म्हणाल्या आणि हातातली पट्टी उलटीपालटी करून बघू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

गोळ्यांची पट्टी कनवटीला लावून त्या भर उन्हात दवाखान्याकडे निघाल्या. मागे धावलेल्या ह्यांनी नंतर सगळं सांगितलं.

"बाई, म्या घेतली, काय झालं न्हाई. पर पोटुशी बाईनं घेतल्याली कुनी बघितली का?"

"थोड्या जणींनी घेतलीय, आजी. बाळाला अपाय दिसला नाही. पण पक्की खात्री आज कुणीच देणार नाही."

"मग द्यायची कशाला?"

"या दिवसांत कांजण्या छातीत उतरल्या तर आई हाती लागत नाही. ते मात्र पक्कं माहीत आहे. खोकला आहे का तिला?"

आत्याबाई उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. घरी येऊन गोळी माझ्या हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला. "घे, पोरी. ही मला आधी घेऊन बघता यायची न्हाई."

मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छाती तपासली, स्वच्छ होती. पण पुढचे सगळे दिवस आत्याबाई माझ्या पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. बाळ हललं की पुटपुटायच्या, "हाय." हललं नाही की श्वास रोखून धरायच्या, आणि मीही.

मुलगी झाली, धडधाकट. माझ्या कपाळावर एकच वण राहिला. त्यासाठी मी महिनाभर रडले. आज नात त्यात बोट घालून खेळते.

शेवटच्या आजारात आत्याबाई नगरच्या दवाखान्यात पडून होत्या. नर्सनं दिलेली गोळी मी पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली, पण तोंडात टाकेनात. "तू घेऊन बघितली का?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांनी निमूट गिळली.

खोटं नव्हतं ते. बाहेर व्हरांड्यात मी तिचं टोक चाटून पाहिलं होतं. फार कडू होती.