तीन दगडांपाशी ठेवलेलं पाणी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. पण निम्म्या वेळा मनात येतं — यांनी तेव्हाच नीट चौकशी केली असती, तर उलगडा झाला असता. मी चौकशी करणाऱ्यांतली आहे. माझ्याकडे वाणसामानाची यादी वेगळी, औषधांची वेगळी, प्रवासाच्या बॅगेत काय आहे त्याची तिसरी. नजर, उतारा, बाहेरचं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते, बस्स.

२००३ साल. आम्ही मस्कतला, अल् खुवैरमध्ये राहत होतो. मी एका कंपनीत ॲडमिन बघायचे, माझा नवरा मिलिंद दुसऱ्या कंपनीत इंजिनियर. तिथे कोपऱ्यावर दूध आणायलाही लोक गाडी काढतात. मिलिंदचं वजन वाढलं, शुगर काठावर आली, डॉक्टरांनी दम भरला आणि चाळिशी उलटल्यावर या माणसाने रोड सायकल घेतली. वर्षभरात तो ओळखू येईना. शुगर खाली, झोप चांगली, चिडचिड कमी. तेवढ्यात स्कॉटलंडला स्थायिक झालेल्या त्याच्या कॉलेजमित्राची मेल आली — सप्टेंबरात ये, इथले घाट सायकलने करू.

पाय मिलिंदचे, आखणी माझी. मित्राने पाठवलेल्या एकेका घाटाची लांबी आणि चढ मी एक्सेलमध्ये मांडले आणि प्रत्येकाला ओमानमधला जोडीदार शोधला. सगळ्यात अवघड होता ॲपलक्रॉसचा घाट — समुद्राकाठून निघून सरळ आभाळात चढणारा. त्याला जोड मिळाली अल् हमरा गावाच्या पुढे, वादी घूल या कोरड्या दरीच्या बाजूने जबल शम्स डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्याची. डांबर जिथे संपायचं तिथपर्यंत जायचं आणि परत.

"तिकडे पाऊस, वारा. इकडे एप्रिलमध्येच भट्टी," मी म्हटलं.

"चढ तो चढ," मिलिंद म्हणाला. "आणि हे बघ, गाडी मागे आणायची नाही. गाडी दिसली की माझे पाय ढिले पडतात. तिकडे काय तू येणार आहेस मागे?"

म्हणून मी पाण्याची पद्धत बसवली होती. त्या चढावर एकही दुकान नाही. तिथली साप्ताहिक सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवारची. गुरुवारी मी एकटी गाडीने रूट बघून यायची आणि ठरलेल्या जागी पाण्याच्या सीलबंद बाटल्या ठेवून द्यायची. जागा अशी हवी की दमलेल्या माणसालाही चुकता कामा नये. पहिली जागा एका वळणाच्या कठड्यामागे, दुसरी एका मोरीजवळ. तिसरीला मला अगदी हवी तशी खूण मिळाली — रस्त्यालगत बाभळीसारखं एक झाड, आणि त्याच्या सावलीच्या कडेला ओळीत उभे रोवलेले तीन चपटे दगड. कुणी मुद्दाम खूण करून ठेवावी तसे. दोन बाटल्या मी दगडांच्या मधे ठेवल्या आणि पुढे गेले. चौथी जागा त्याच्याही वर होती.

शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही अल् हमराला पोचलो. सोबत रफिकभाई होते. मूळचे रत्नागिरीचे, मस्कतमधल्याच हमरिया भागात त्यांचं छोटं दुकान. अरबी फाडफाड बोलायचे, म्हणून डोंगरात जाताना मी त्यांना न्यायचेच.

"वहिनी, ह्यांना सांगा जरा," सायकल उतरवताना ते म्हणाले, "चाळिशी झाली की माणूस मोठी गाडी घेतो. हे उलटे चाललेत."

"रफिकभाई, तुम्ही फक्त वर चहा तयार ठेवा," मिलिंद हसत म्हणाला आणि निघाला.

त्याला तसं हसताना मी शेवटचं बघितलं ते तिथे.

आम्ही गाडीने पुढे जाऊन डांबर संपतं तिथे थांबलो. थर्मासमधला चहा झाला, रफिकभाईंच्या बायकोने दिलेल्या नारळाच्या वड्या झाल्या. ऊन चढलं. मोबाईलला रेंज नाही. मिलिंदची वेळ टळून गेली.

"पंक्चर झाली असेल, वहिनी. येतील, इन्शाल्ला."

"पंक्चर काढायला त्याला इतका वेळ लागत नाही," मी म्हटलं आणि किल्ली फिरवली.

वरून उतरताना आधी चौथी जागा लागली. बाटल्या जशाच्या तशा. म्हणजे तो इथवर आलाच नव्हता. आणि मग, तीन दगडांपाशी, झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेला मिलिंद दिसला.

सायकल पडली नव्हती, नीट आडवी ठेवलेली होती. हेल्मेट मांडीवर. अंगावर घामाचा टिपूस नाही आणि कातडी तव्यासारखी तापलेली. मी आधी सायकलकडे बघितलं — तिच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या. दुसऱ्या जागेवर भरून घेतलेलं ते पाणी त्याने एक घोटसुद्धा प्यायलेलं नव्हतं.

"मिलिंद! पाणी का नाही प्यायलास?"

त्याने माझ्याकडे बघितलं, पण ओळख लागल्यासारखं नाही.

"तिचं होऊ दे आधी," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"ती पितेय अजून."

मी सायकलवरची बाटली त्याच्या तोंडाला लावली तर त्याने दात घट्ट मिटले. रफिकभाई ओरडले, "अहो प्या! काय करताय!" शेवटी ते पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर ओतलं. आणखी हवं म्हणून मी दगडांकडे धावले, आदल्या दिवशीच्या बाटल्या उचलल्या.

दोन्ही हलक्या लागल्या. रिकाम्या. झाकणाखालची कडी न तुटलेली, कुठे चीर नाही, प्लास्टिक चेपलेलं नाही. सीलबंद आणि कोरड्या.

तेवढ्यात बकऱ्या घेऊन खाली जाणारा एक पिकअप थांबला. म्हाताऱ्या ओमानी ड्रायव्हरने काही न विचारता मिलिंदच्या खांद्याखाली हात घातला. "यल्ला, यल्ला!" — चला, लवकर. तिघांनी मिळून त्याला आमच्या गाडीत घातलं. मग म्हाताऱ्याचं लक्ष माझ्या हातातल्या बाटल्यांकडे गेलं, तिथून दगडांकडे. तो रफिकभाईंना हळू आवाजात काहीतरी म्हणाला. रफिकभाईंचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय?"

"नंतर, वहिनी. आधी गाडी काढा."

निझवाच्या हॉस्पिटलात मिलिंदला आत नेलं, तेव्हा तो बेशुद्ध होता. बाहेर बाकावर बसल्यावर रफिकभाईंनी सांगितलं.

"ती कबर होती, वहिनी. माझ्याही ध्यानात आलं नाही. आमच्याकडे कबरीला कठडा असतो, नाव असतं. ह्यांच्याकडे नुसते दगड रोवतात. नाव नाही, काही नाही. दोन दगड असले तर पुरुष. तीन असले तर बाई."

मिलिंद 'ती' म्हणाला होता. तीन दगडांचा अर्थ तेव्हा आमच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हता.

"कुणाची?"

"तेही विचारलं. म्हणाला, रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. वरून चालत येत होती, उन्हाची. एवढंच बोलला. आणि म्हणाला, तिच्यापुढे पाणी ठेवायचं तर ओतायचं असतं. बंद करून ठेवायचं नसतं."

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं — उष्माघात. मेंदू तापला की माणूस भ्रमात जातो, पाणी नाकारतो, भलतंसलतं बोलतो. मला ते पटलं. अजूनही पटतं. पण भ्रम मिलिंदला झाला होता, बाटल्यांना नाही. घरी आल्यावर मी त्यातली एक पाण्याच्या बादलीत दाबून धरली. एक बुडबुडा आला नाही. त्याच खोक्यातल्या बाकीच्या बाटल्या स्वयंपाकघरात होत्या, सगळ्या भरलेल्या. कुणी थट्टा केली म्हणावं, तर न फोडलेल्या सीलमधून पाणी काढून थट्टा कशी करतात, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी रफिकभाई एकटेच तिथे जाऊन पाण्याचा कॅन ओतून आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय होणार, वहिनी. जमिनीत गेलं."

मिलिंद वाचला, पण त्याच्या किडन्या त्या दिवशी ज्या दुखावल्या त्या पूर्ववत झाल्याच नाहीत. स्कॉटलंड राहिलं, सायकल विकली, दोन वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. त्या सकाळचं त्याला मोरीपर्यंतचं आठवतं, पुढचं काही नाही. 'ती' कोण, असं मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "कोण ती?"

आता डॉक्टरांनी त्याचं पाणीही मोजून दिलंय. दिवसभराचं एका तांब्यात मी सकाळी भरून ठेवते. उन्हाळ्यात ते त्याला पुरत नाही, ओठ सुकतात, संध्याकाळी नुसता बर्फाचा खडा चघळत बसतो. तरी प्रत्येक वेळी पेल्याच्या तळाशी घोटभर पाणी सोडतो.

"अरे, संपव ना ते. तुझ्या वाटणीचंच आहे."

"असू दे," तो म्हणतो. का, ते त्याला सांगता येत नाही. मलाही नाही.

रात्री भांडी आवरताना तो पेला माझ्या हातात येतो. इतर पेल्यांसारखा मी तो सिंकमध्ये रिकामा करत नाही. बाल्कनीत जाते आणि कुंडीतल्या मातीत ओतते.